गच्चीवरच्या कॉम्पोझिट डेकच्या फळ्या उन्हात उचलल्यात. माल खराब की काम?

गच्चीकर:
गच्चीवर बारा बाय दहा फुटांचा कॉम्पोझिटचा डेक, म्हणजे पाइपांच्या फ्रेमवर फळ्यांची जमीन, करून घेतला. तीन-चार महिने दृष्ट लागण्यासारखा होता. ऊन तापायला लागलं तशा काही ओळी मधोमध उचलल्या गेल्या. दुपारी पाय ठेवला की टक् करून खाली बसतात, सकाळी पुन्हा जवळपास सपाट. काम करणारा म्हणतो माल खराब, माल देणारा म्हणतो बसवणं चुकलं. फळ्या अखंड दहा फुटी आहेत आणि त्यांची दोन्ही टोकं भिंतींना घट्ट भिडवली आहेत. तेव्हा मीच "काय फिनिशिंग आहे!" म्हटलं होतं. खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांमधलं अंतर मोजलं, मध्यापासून मध्यापर्यंत दोन फूट भरलं. सगळं फेकून द्यावं लागणार का?

रंधा:
दादा, ते फिनिशिंगच नडलंय.

मी आधी सुतारकाम करायचो, त्यामुळे पहिल्या कामात हीच चूक मीही केली. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत फारसं नाही, म्हणून आपला हात फळी ठोकून घट्ट बसवायला शिकलेला असतो. कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक. ते उन्हाने लांबीत वाढतं. दहा फुटी फळी पहाटेपेक्षा दुपारी चाळीस अंश जास्त तापली, तर साधारण दीड सूत, म्हणजे पाचेक मिलिमीटर वाढते. दोन्हीकडे भिंत असेल तर तिने जायचं कुठे? वर! सकाळी सपाट होते म्हणता, यातच उत्तर आलं. भिंतीकडे प्रत्येक टोकाला दहा मिलिमीटर तरी मोकळे हवेत. दोन फळ्यांमधली फट क्लिपच, म्हणजे फळी पाइपाला धरून ठेवणारी पट्टीच, ठरवते.

दुसरं, दोन फूट फार झाले. सरळ बसवायच्या फळ्यांना साधारण 400 मिलिमीटर, म्हणजे सोळा इंचांच्या आत आधार लागतो. तिरक्या बसवल्या तर एक फूट. तुम्ही प्रत्येक दोन पाइपांच्या मध्ये एक नवा टाका, प्रश्न मिटेल.

फेकायचं काहीच नाही. शेवटच्या ओळीपासून क्लिपा सोडवत मागे या, फळ्यांवर खडूने नंबर घाला, टोकं कापा. परत बसवताना प्रत्येक फळी मधोमध एकाच ठिकाणी स्क्रूने पक्की करा, बाकी क्लिपांमध्ये सरकू द्या. म्हणजे वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

पाणसळ:
रंधा यांनी फळीचं सांगितलं, मला स्लॅबची काळजी आहे. पाइप स्लॅबला ड्रिल मारून बसवलेत का? तसं असेल तर प्रत्येक भोक वॉटरप्रूफिंगमधून गेलंय. मोकळ्या गच्चीवर मी फ्रेम रबर पॅडवर किंवा पेडेस्टलवरच (खाली ठेवायच्या छोट्या पायांवर) ठेवते, तिला स्वतःचं वजन असतं. पाइप ढाळाच्या दिशेनेच हवेत, आडवे घातले की प्रत्येक पाइप बांध होतो. आणि पाणी जाणाऱ्या जाळीवरच्या फळ्या उचलता येतील अशा ठेवा. ही गोष्ट जवळपास सगळेच विसरतात, मग पाला अडकला की आख्खा डेक उकलत बसायचं.

काचघर:
एक शंका. उचललेल्या ओळींसमोर मोठी काच आहे का? काही प्रकारच्या काचांवरून परावर्तित झालेलं ऊन एकाच पट्ट्यात साठतं आणि कॉम्पोझिट तिथेच वाकतं. अशी वाकलेली फळी रात्री सरळ होत नाही.

रंधा:
बरोबर, पण यांची सकाळी बसते. काच नव्हे, भिंतच.

गच्चीकर:
समोर काच नाही. आज शेवटच्या दोन ओळी काढल्या. पाइप आडवे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे बोटभर पाणी साठलंय. पाऊस होऊन चार दिवस झाले! ड्रिल मात्र मारलेलं नाही, पाइप नुसते चिकटवलेत. म्हणजे फ्रेमच फिरवायची. पण मग फळ्याही फिरणार ना? आता त्या बारा फुटांच्या बाजूने जातील, आणि माझ्याकडच्या सगळ्या दहा फुटी.

पाणसळ:
हो, फिरणार. जोड द्यावे लागतील. जोडाखाली दोन पाइप शेजारी-शेजारी टाका, प्रत्येक टोकाला आपला स्वतंत्र आधार आणि स्वतंत्र क्लिप. एकाच पाइपावर दोन टोकं टेकवू देऊ नका. आणि सगळे जोड एका रेषेत आणू नका, वाईट दिसतं.


गच्चीकर:
खडू आणलाय. उद्या पाइप सोडवायला घेतो.