पसारा न होता लहान पोरांना ‘सेन्सरी प्ले’साठी, म्हणजे हात लावून, वास घेऊन, बघून खेळायला काय देता? तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची, राहायला जुळे सोलापुरात, दुसरा मजला. एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला गेला की अकरानंतर पोरीला खाली नेता येत नाही. व्हिडिओत टबभर रंगीत पाणी दाखवतात, पण आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, असला टब भरला तर सासूबाई मलाच त्यात बसवतील. मी काय केलं, जाड झिपच्या पिशवीत भिजवलेला सब्जा घातला, हवा काढली, झिपवर दोनदा चिकटपट्टी मारली, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली आणि चारी बाजूंनी फरशीला चिकटवली. गारगार, बुळबुळीत, बोटाखालून दाणे पळतात, चक्क पंचवीस मिनिटं शांतता! मग दात लावले बाईंनी. आणि हो, संध्याकाळीच टाकून द्या, दुसऱ्या दिवशी वास मारतो. तुम्ही काय करता?

---

आमचं टॉवेलचं काम आहे अक्कलकोट रोडला, घरात कटपीसला तोटा नाही. बुटाच्या खोक्याला हात जाईल एवढं भोक पाडलं आणि आत टेरीचा तुकडा, चादरीचा तुकडा, आईच्या जुन्या इरकलीचा काठ, सुताचा रिकामा कोन असं टाकलं. न बघता हात घालायचा आणि ओळखायचं. पोरगा तीन वर्षांचा आहे, चादर खरबरीत लागते म्हणून तिला ‘काटा’ म्हणतो. एकदा माझा कामावरचा रुमाल टाकला तर हात घालायच्या आधीच ‘बाबा’ म्हणाला, मशीनच्या तेलाचा वास ओ, दुसरं काय.

---

शहाबादी फरशी असेल तर काही विकत आणू नका. वाटीभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश द्या, बास. ओली झाली की फरशी काळी दिसते, त्यावर काढत बसतात. आमच्या बाळीवेशीतल्या घरात मे महिन्यात हत्तीची शेपटी काढेपर्यंत सोंड वाळलेली असते, मग पोरगी चिडते की हत्ती पळाला. उरलेलं पाणी तुळशीला.

---

मी बाटली केली होती. अर्धी लाल रंगाच्या पाण्यानं भरली, वर खोबरेल तेल, थोड्या टिकल्या, झाकण फेव्हीक्विकनं कायमचं बंद. तेल हलकं म्हणून वरच राहतं, हलवलं की गोळे गोळे होतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात थंडीनं वरचं तेल थिजून पांढरं झालं, पोराला वाटलं बाटली बिघडली, रडून घर डोक्यावर घेतलं. उन्हात ठेवून हळूहळू वितळताना बघितलं, तोच खेळ झाला आठवडाभर. आता गोडेतेल घालते, ते नाही थिजत, पण मजा थोडी कमीच आली खरं सांगू तर.

---

सगळ्यांचं छान आहे पण एक सांगते. ज्वारीच्या परातीत वाट्या-चमचे देऊन मी फक्त कुकर बंद करायला गेले, परत येईपर्यंत दाणा नाकात. डॉक्टरांनी काढला, पण तासभर माझा जीव वरखाली. तीन वर्षांच्या आत दाणे, शेंगा मोकळ्या देऊच नका, बाटलीत बंद करून खुळखुळा करा. आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच आणू नका, गिळले तर पोटात फुगून आतड्यात अडकतात.

---

आम्ही भाकरी करताना हातात पिठाचा गोळा द्यायचो आणि खाली जुनी चादर. झालं की चादर गॅलरीत झटकायची. याला एवढं नाव कधी दिलं?

---

मावशी, चादरीचं लई भारी! ताई, दाण्याचं वाचून आत्ताच डबे वरच्या फळीवर ठेवले. फक्त एक सांगा, शहाबादी नसेल, पांढऱ्या टाइल्स असतील तर पाण्याचं कशावर करायचं?

---

पाटीवर. नाहीतर खोक्याचा पुठ्ठा उलटा करून, तोही ओला झाला की गडद दिसतो.