मदत हवी आहे: पेशी मरते, डीएनए बाहेर येतो, तरी इंटरफेरॉन चढत का नाही?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. एका निकालाने डोकं भंडावलंय.

पेशीद्रवात डीएनए दिसला की सीगॅस (डीएनए ओळखणारं एन्झाइम) त्याला चिकटतो, सीगॅम्प नावाचा निरोप्या रेणू बनवतो, तो स्टिंग या प्रथिनाला जागं करतो आणि शेवटी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याची पेशीची हाकाटी. हे २०१३ पासून सगळ्यांना पाठ. डीएनए विषाणूचा की घरचाच, हे सीगॅसला कळत नाही. माझं घोडं तिथेच अडलंय.

उंदराच्या फायब्रोब्लास्टना (जोडऊतीच्या पेशी) एबीटी-७३७ आणि सोबत एमसीएल-१ रोखणारं औषध दिलं; पेशीला मरणापासून वाचवणारी प्रथिनं दोघं मिळून बंद पाडतात. मग बॅक्स-बॅक या मारक प्रथिनांनी मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडली की आतला डीएनए बाहेर येणारच. चार तासांत पेशी आक्रसल्या, अंगावर बुडबुडे आले, निम्म्या सुटून तरंगायला लागल्या. क्यूपीसीआरवर (जनुक किती चालू आहे हे मोजणारी चाचणी) इंटरफेरॉन-बीटा मात्र कंट्रोलएवढाच, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींएवढाच!

दुसऱ्या प्लेटमध्ये त्याच औषधांसोबत कॅस्पेज (मरत्या पेशीत प्रथिनं कापणारी एन्झाइम) रोखायला क्यूव्हीडी हे रसायन घातलं होतं. तिथे चढला. प्लेटा बदलल्या असतील म्हणून पुन्हा केलं (मधे गुरुवारी वीज गेली, एक संच कचऱ्यात). तेच. सर म्हणतात, कंटॅमिनेशन.

आणखी एक. एआयएम-२ला (डीएनए ओळखणारं दुसरं प्रथिन) डीएनए सापडला की कॅस्पेज-१ गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापून पेशी फोडतो, केवढा गाजावाजा. मग त्याच कुळातले माझे कॅस्पेज इंटरफेरॉनला गप्प का बसवतात?

प्रतिसाद:
ताई, मायकोप्लाझ्मा (पेशींच्या प्लेटांत शिरणारा जिवाणू) असता तर कंट्रोलही चढला असता. तरी टेस्ट करून टाका, सरांचं समाधान होईल.

तुम्हाला दिसतंय ते २०१४ मध्ये दोन गटांनी दाखवलंय. कॅस्पेज-९ किंवा ३ आणि ७ नसले की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून सीगॅस बोंब ठोकतो. असले की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माणसाच्या पेशीत कॅस्पेज-३ सीगॅस, मॅव्स आणि आयआरएफ-३ ही इंटरफेरॉन चढवणारी तिन्ही प्रथिनं कापतो. उंदरात ३ नसला तर ७ भागवून नेतो. म्हणून एकाचाच नॉकआउट करून (जनुक काढून टाकून) फसू नका.

कॅस्पेज-१ही सीगॅस कापतो बरं का. त्याचा गाजावाजा आयएल-१ बीटा या दाह पेटवणाऱ्या रेणूचा, इंटरफेरॉनचा नव्हे.

आता सीगॅस नसलेल्या पेशींत क्यूव्हीडी घालून हाच प्रयोग लावा. तिथे इंटरफेरॉन चढलाच नाही तर प्रश्न मिटला. आणि मारणारी औषधं न देता नुसतं क्यूव्हीडी घातलेली प्लेट आहे ना?

धागाकर्ती:
नाहीये. उद्या सकाळीच लावते.