मत मनातलं द्यायचं की कॉन्झर्व्हेटिव्हना अडवायला? (किचनर सेंटर)

नवा_मतदार:
कॅनडाची सिटिझन झाल्यापासूनची माझी ही पहिलीच फेडरल, म्हणजे देशाच्या संसदेची निवडणूक, आणि २८ एप्रिल २०२५ जवळ येतोय तसा माझा गोंधळ वाढतच चाललाय. मी किचनर सेंटरमधे राहते. इथून २०२१ला ग्रीन पक्षाचे माईक मॉरिस निवडून आले, ऑन्टारिओतून निवडून गेलेले ग्रीनचे पहिले खासदार. अपंगांच्या भत्त्यासाठी ते संसदेत सारखे बोलत असतात, मला त्यांचं काम मनापासून आवडतं. मत त्यांनाच द्यायचं ठरलं होतं. पण जानेवारीत लिबरल पंतप्रधान ट्रुडोंनी राजीनामा जाहीर केला, मार्चमधे त्यांच्या जागी कार्नी आले, तिकडून ट्रम्पचे टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं ५१वं राज्य करायची बडबड, आणि वीसेक टक्क्यांनी मागे पडलेले लिबरल बघता बघता पुढे गेले. आता आमच्या ग्रुपवर सगळे एकच सांगतात, मतं फोडू नका, डोळे मिटून लिबरलला द्या, नाहीतर कॉन्झर्व्हेटिव्हचे पोलिएव्ह येतील. मला ते नकोच आहेत. पण माझ्या रायडिंगमधे, म्हणजे मतदारसंघात, त्यांच्या उमेदवाराला पाडायचं तर मत नेमकं कुणाला देऊ?

ग्रँडरिव्हर:
मी पण किचनरचाच. टीव्हीवर दिसतो तो आकडा देशभराचा किंवा प्रांताचा असतो, तुमच्या बॅलटवर कार्नी पण नाहीत आणि पोलिएव्ह पण नाहीत, तिथे फक्त आपल्या रायडिंगचे उमेदवार. २०२१ला इथे ग्रीनला ३५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, दुसरे कॉन्झर्व्हेटिव्ह, लिबरल पार मागे. मात्र तेव्हा लिबरल उमेदवाराने मधेच प्रचार थांबवला होता, नाव तेवढं बॅलटवर राहिलं, त्यामुळे त्या आकड्यांवरून लिबरल इथे संपलेत असं धरू नका, २०१५ आणि २०१९ला सीट त्यांचीच होती. पण मग आत्ता कोण पुढे? वेबसाइटवर रायडिंगप्रमाणे जे अंदाज दिसतात ते बहुतेक वेळा तिथल्या लोकांना विचारून काढलेले नसतातच, प्रांताच्या पोलमधे लिबरल किती वर गेले ते बघायचं आणि जुन्या निकालात तेवढं वाढवायचं, असं ते गणित असतं. जिथे खासदाराची स्वतःची मतं आहेत, लोक पक्ष न बघता माणूस बघून मत देतात, तिथे हेच गणित सगळ्यात जास्त चुकतं आणि आपलं रायडिंग नेमकं तसंच आहे. मला तरी इथे कॉन्झर्व्हेटिव्हना अडवायचं असेल तर मॉरिसच सगळ्यात भक्कम वाटतात. ग्रुपवरचा सल्ला शेजारच्या रायडिंगला लागू पडेलही, इथे तोच उलटा पडू शकतो.

टोरांटोकर:
नको त्याला पाडायला दुसऱ्याला मत द्यायचं, हा सगळा स्ट्रॅटेजिक मतदानाचा हिशोबच मला पटत नाही. २०१५ला कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्पर नकोत म्हणून लोक लिबरलकडे वळले आणि टोरांटोत एनडीपी या डाव्या पक्षाची एकही सीट उरली नाही, चांगले काम करणारे खासदार गेले. बदल्यात काय मिळालं? ट्रुडो म्हणाले होते की रायडिंगमधे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, या पद्धतीने होणारी ही शेवटची निवडणूक, आणि २०१७च्या फेब्रुवारीत ते वचन सोडून दिलं. ती पद्धत बदलली असती तर आज हा प्रश्न पडलाच नसता. २०२१ला कॉन्झर्व्हेटिव्हना देशात लिबरलपेक्षा जास्त मतं होती, ३३.७ विरुद्ध ३२.६ टक्के, आणि सीट ११९ विरुद्ध १६०, हा कुठला न्याय?
शिवाय छोट्या पक्षाचं नुकसान एका निवडणुकीपुरतं नसतं. उमेदवाराला १० टक्के मतं मिळाली तर प्रचाराच्या खर्चातले ६० टक्के परत मिळतात, त्याखाली गेला की काही नाही. १२ खासदार नसतील तर संसदेत पक्षाचा अधिकृत दर्जा जातो, म्हणजे प्रश्न विचारायची संधी, स्टाफचा पैसा, सगळंच आटतं. एनडीपीची आत्ता जी घसरण चालू आहे ती बघून मला खरंच काळजी वाटते. या वेळी भीतीपोटी दिलेल्या मताची किंमत पुढची चार वर्षं मोजावी लागते.

ब्रॅम्प्टन_मराठी:
सगळे धरूनच चाललेत की इथे प्रत्येकाला पोलिएव्हना अडवायचंय. मी कॉन्झर्व्हेटिव्हना मत देणार आहे आणि विचार करून देणार आहे. दोघं कमावतो तरी घर घेता येत नाही, आणि गेली साडेनऊ वर्षं सरकार लिबरलचंच होतं. नेता बदलला, बरेचसे मंत्री तेच. एक एप्रिलपासून पेट्रोलवरचा कार्बन टॅक्स गेला हे चांगलंच झालं, पण ती मागणी इतकी वर्षं कोण करत होतं?

नवा_मतदार:
सगळ्यांचे आभार. ब्रॅम्प्टनकर, घराचं म्हणणं पटतं, भाड्याचा चटका आम्हालाही बसतोच आहे. ग्रँडरिव्हर, अजून एक विचारायचं होतं, लिबरल खरंच इथे वाढलेत का ते कळायला काही मार्ग आहे का? लोकांच्या अंगणातल्या उमेदवारांच्या पाट्या, यार्ड साइन, मोजून काही कळतं का?

ग्रँडरिव्हर:
साइनवरून अंदाज बांधू नका, ज्याच्याकडे कार्यकर्ते जास्त त्याच्या साइन जास्त, आणि इथे ग्रीनचे कार्यकर्ते भरपूर आहेत. उमेदवारांची स्थानिक चर्चा असेल तर जाऊन या, दारावर कुणी आलं तर सरळ विचारा की मागच्या वेळी लिबरलला मत दिलेले लोक आता काय म्हणतायत. आणि घाई करू नका. आगाऊ मतदान १८ ते २१ एप्रिल, ईस्टरच्या सुट्टीत आहे, पण लीडर्स डिबेट १६ला फ्रेंचमधे आणि १७ला इंग्लिशमधे आहे, ती बघून मगच ठरवा. जाताना पत्ता असलेलं लायसन्स न्या, मत कुणालाही द्या.