रायरेश्वरावर टेंट : स्लीपिंग बॅगच्या आधी मॅट बघा

वर विचारलंय की पुण्याहून डिसेंबरात एका रात्रीसाठी टेंट घेऊन जायचं तर महागडी स्लीपिंग बॅग घ्यावीच लागते का, तर माझं मत, आधी खाली टाकायची मॅट चांगली घ्या. आम्ही भोरकडून रायरेश्वरला गेलो, पठार साधारण ४५०० फुटांवर, लोखंडी शिडी चढून गेलं की सगळं उघडं रान, आणि मी पातळ सतरंजीवर झोपलो, अंगावर दोन ब्लँकेट असूनही पाठीतून गारठा असा शिरला की तीनला उठून बसलो. बाहेर आकाशात मात्र मृग नक्षत्र आणि व्याधाचा तारा असे लखलखत होते की थंडी विसरलो!

सकाळी टेंट आतून ओला, कारण वारा नको म्हणून सगळ्या चेन बंद केलेल्या आणि आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमते, थोडी फट ठेवाच.

पठारावर जंगम समाजाच्या मंडळींची घरं आहेत, टेंट कुठे लावू ते आधी त्यांना विचारा, जेवणही त्यांच्याकडेच सांगा. आणि शेकोटी कृपया नकोच, त्या दिवसांत गवत पार वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो.