खारफुटीचा चिखल आणि कार्बन

रंकाळाकर: आम्ही कोल्हापूरकर, समुद्र लांब. पण गगनबावडा उतरून आचऱ्याला पाव्हण्यांकडं जाणं असतंय. तिथं खारफुटीतला चिखल ढवळला की सडक्या अंड्यागत वास मारतोय. मेव्हणा म्हणतोय, ह्यातच कार्बन साठतोय. खरं काय?

खाडीकाठ: खरा सांगता तो. भरतीखालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून पडलेली पानं-मुळं पूर्ण कुजत नाहीत, शतकानुशतकं तशीच राहतात. वास हायड्रोजन सल्फाइडचा.

रंकाळाकर: मग आमच्या रंकाळ्याचा गाळ काय कमी हाय व्हय?

खाडीकाठ: गोड्या पाण्याच्या गाळातून मिथेन, म्हणजे हवा तापवणारा कार्बनचाच वायू, जास्त सुटतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो दबतो.

रानवाटा: तोड करून चिखल उघडा पाडला की साठलेला कार्बन परत हवेत. २०२० साली पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात राज्याचा कांदळवृक्ष झाली, तरी भराव थांबत नाहीत.

रंकाळाकर: मेव्हण्याला आता मिसळ द्यावी लागतीया.