अनुभव धागा: रामायण-महाभारत पहिल्यांदा ‘अभ्यासाला’ घेतलं तेव्हा...

चहाबाज: भाची संस्कृत एमएला बसलीय. काल फोन, "मामा, महाभारत उघडलं तर कुत्र्याचं पिल्लूच निघालं!" हसून हसून पोट दुखलं, कारण माझंही हेच झालं होतं. भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात चिकित्सक आवृत्तीचं (म्हणजे खूप हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारताचं) आदिपर्व घेऊन बसलो, डोक्यात टीव्हीवरचा शंख. आणि आत काय, तर जनमेजयाचे भाऊ यज्ञात एका पिल्लाला बडवतात, ते रडत आईकडे जातं. आई, म्हणजे सरमा कुत्री, आधी काय म्हणते? "तूच काहीतरी केलं असशील." ते म्हणतं, यज्ञातल्या हविष्याकडे, म्हणजे आहुतीच्या अन्नाकडे बघितलं नाही, चाटलं नाही! अगदी आमची आई. कौरव-पांडवांचा पत्ता नाही. पानावर वर चार ओळी श्लोक, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पाठभेद, कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा ते. अर्ध्या तासात वही मिटून चहाला पळालो.
तुमचं काय झालं?

पेठेतली: गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट त्या आवृत्तीत परिशिष्टात आहे, हे मी आजीला सांगितलं. नेमकी चतुर्थी, ती मोदक वळत होती. म्हणाली, "मग आज तूही परिशिष्टातच जेव."

कोथरूडकर७: आजींना साष्टांग 😂😂

उंडगा: "आंधळ्याचा मुलगा आंधळा" द्रौपदी म्हणतच नाही!! मयसभेत हसतात ते भीम, अर्जुन नि जुळे. गॅदरिंगला ह्याच वाक्यावर टाळ्या घेतल्या होत्या मी. कुणाला सांगू नका.

रिकामटेकडा: ह्या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं समोर ठेवून चुका काढत बसायचं, १९१९ ते १९६६. पुण्याशिवाय कुठे होणार हे?

पेठेतली: @रिकामटेकडा आमच्या सोसायटीचा पुनर्विकास त्याच गतीने चाललाय.

गणितवाला: बीएस्सी करून इकडे वळलो म्हणून घरी अबोला होता. ह्या आवृत्तीचे मुख्य संपादक सुकथनकर केंब्रिजला गणितच शिकले होते हे कळलं, तेव्हा बाबांना तेवढंच ऐकवलं. बाबा म्हणाले, "ते आधी पास झाले होते."

सईची_आई: वाल्मीकींत लक्ष्मणरेषा शोधून शोधून थकले, नाहीच. कुकर झाला, नंतर लिहिते

उंडगा: @चहाबाज शेवटीही कुत्रंच आहे, भाचीला आत्ताच सांगू नका.

चहाबाज: सतरावं पर्व आहे ते. ती अजून पहिल्याच्या तिसऱ्या अध्यायात.

सईची_आई: आले. @पेठेतली आजी उकडीत तेल घालतात की तूप? माझे मोदक फुटतात.

पेठेतली: दोन्ही. पाणी उकळताना चमचाभर तूप, मळताना हाताला तेल. आणि पीठ जुनं नको.