प्रतिसाद : परक्या भाषेत घर

'सत्ताधाऱ्यांचीच भाषा वापरली, म्हणजे शरणागतीच झाली' हे मत मला काही पटलं नाही. इस्रायलमधल्या अँटन शम्मास या पॅलेस्टिनी अरब लेखकाचं उदाहरण घ्या; घरची भाषा अरबी, सत्तेची हिब्रू. १९५० चा जन्म, उत्तर गॅलिलीतलं फस्सूता हे अरब ख्रिस्ती गाव. पॅलेस्टिनी लेखक एमिल हबीबींची अरबी कादंबरी त्यांनी हिब्रूत नेली आणि १९८६ मध्ये स्वतःची कादंबरी 'अरबेस्क' थेट हिब्रूतच लिहिली. तिचे भाग दोन, 'गोष्ट' आणि 'सांगणारा', आलटून पालटून येणारे. गोष्टीत गावातलं खानदान. सांगणारा मात्र पोचलाय अमेरिकेत आयोवाला, लेखकांच्या शिबिरात. तिथला एक ज्यू इस्रायली लेखक त्याच्याकडे आपल्या कादंबरीसाठी आयतं अरब पात्र म्हणून बघतोय! (हा टोमणा बऱ्याच जणांना झोंबला असणार.)

खरा वाद झाला तो इस्रायलमधल्या अरबांच्या नागरिकत्वावरून. ज्यू इस्रायली कादंबरीकार ए. बी. येहोशुआंनी शम्मास यांना जवळजवळ सुनावलंच, की पूर्ण पॅलेस्टिनी ओळख हवी असेल तर बाडबिस्तरा उचलून पॅलेस्टिनी राज्यात जा. अहो, जायचं कुठे? फस्सूता इस्रायलमध्येच आहे! पुढे शम्मास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवायला गेले. हिब्रूत दुसरी कादंबरी काही आली नाही, याची मात्र मला चुटपुट आहे.